वेळेआधीची हाक

१

माझ्याकडे येणारी बहुतेक माणसं एकच तक्रार करतात. ‘ऐकू येतं हो, पण कळत नाही.’ मी कानाच्या मशीनच्या दुकानात काम करते. कानाचा साचा घ्यायचा, मशीन बसवून द्यायचं, नळीत अडकलेला मळ काढायचा आणि ‘सून मुद्दाम हळू बोलते’ हे गाऱ्हाणं तोंड वाकडं न करता ऐकून घ्यायचं, हे सगळं पगारात येतं. सून बहुतेक वेळा शेजारीच बसलेली असते आणि माझ्याकडे बघून डोळे फिरवते. हे एवढ्यासाठी सांगते, की कानाने ऐकलेल्या गोष्टीवर मी झटकन विश्वास ठेवणारी बाई नाही. कान फसवतात, आणि ते फसवतात म्हणून तर माझं घर चालतं.

घरात मी आणि बाबा. बाबा बस डेपोत टाइमकीपर होते. गाडी आली, गाडी सुटली, आयुष्यभर एवढंच बघितलं. उशिरा येणाऱ्या गाडीवर ते फारसे चिडायचे नाहीत. पण एखादा ड्रायव्हर वेळेआधी गाडी काढायला लागला की त्याची खैर नसायची. ‘उशीर झाला तर माणूस वाट बघतो रे,’ ते म्हणायचे. ‘आधीच सुटली तर धावत आलेल्याने कुणाकडे बघायचं?’ मला ते कंडक्टर म्हणतात, कारण मी घरात सारखी पुढे सरका, आत चला करत असते.

आई गेली ती भर दुपारी. बाबा झोपायच्या आधी कानातलं मशीन काढून डबीत ठेवायचे, तसं त्या दिवशीही ठेवलं होतं. आईने स्वयंपाकघरातून त्यांना हाका मारल्या. शेजारच्यांना त्या भिंतीतून ऐकू गेल्या, म्हणून ते धावत आले. बाबा पलीकडच्या खोलीत गाढ झोपले होते. ते उठले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं.

त्यानंतर बाबांचं बसणंच गेलं. या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या. गॅसचं बटण बघायचं, दाराची कडी बघायची, परत गॅसचं बटण. मशीन कानातून काढायचं नाव नाही, आंघोळीलासुद्धा नाही. ते भिजून बंद पडायचं आणि दुकानात मालक माझ्या नावाने खडे फोडायचे. मधेच बाबा छातीवर हात ठेवून उभे राहायचे, ओठ पांढरेफटक.

‘कुणी हाक मारली का गं?’

‘नाही, बाबा.’

‘नीट ऐक.’

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, हृदय ठणठणीत आहे म्हणाले आणि घाबरण्यावरच्या गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी भीती होती तिथेच राहिली, वर चालताना तोल जायला लागला. मी हात टेकले होते.

२

सुचवलं धाकट्याने. धाकटा म्हणजे माझा भाऊ. दुसऱ्या शहरात असतो, इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीत आहे, आणि जगातल्या प्रत्येक दुखण्यावर त्याच्याकडे एक लिंक असते.

‘ताई, एक हॉल आहे. रोज दुपारी थेट दाखवतात. एक व्हायोलिनवाला आणि एक नाचणारी बाई. बडबड नाही, जाहिरात नाही. आमच्या ऑफिसातली अर्धी माणसं डोकं शांत करायला तेच लावून बसतात.’

‘बाबा आणि नाच? अरे, बाबांनी जन्मात कधी गाणं गुणगुणलं नाही.’

‘लावून तर बघ. नाही जमलं तर मला शिव्या घाल. नाहीतरी घालतेसच.’

लावलं. लाकडी फळ्यांचा लहानसा रंगमंच, मागे राखाडी पडदा. एका बाजूला खुर्चीवर म्हातारासा व्हायोलिनवाला, मधे साध्या गडद झग्यातली अनवाणी बाई. प्रेक्षक दिसतच नाहीत, कॅमेरा एका जागी खिळलेला. बाई खरं तर फार नाचतही नव्हती. चार पावलं टाकायची, थांबायची, मान कलती करून उभी राहायची, जसं आपण शेजारच्या घरातलं भांडण ऐकायला उभे राहतो. मग पुन्हा चार पावलं. मला जांभया आल्या. बाबा मात्र आधी खुर्चीच्या कडेवर टेकले, मग हळूहळू मागे रेलले, आणि त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर ठेका धरायला लागली. किती महिन्यांनी त्यांचे खांदे खाली आलेले बघितले. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

आता जरा मशीनचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. टीव्हीला एक छोटा डबा जोडला की टीव्हीचा आवाज सरळ कानातल्या मशीनमध्ये जातो. बाहेरचं ऐकायला मशीनला स्वतःचा माइक असतो. पंख्याची घरघर आणि भांड्यांचे आवाज मधे येतात म्हणून बाबा कुरकुर करायला लागले, तेव्हा मी त्यांना सोय करून दिली. कार्यक्रम चालू असेपर्यंत माइक बंद, संपला की आपोआप उघडणार. म्हणजे तेवढ्या वेळात बाबांना फक्त हॉलमधलं ऐकू येणार, घरातलं काहीही नाही. टीव्हीचा खोलीतला आवाज मी बंदच ठेवते, कारण दिवसा बाबांजवळ थांबणाऱ्या मावशी तेव्हा जरा अंग टाकतात. त्यामुळे आम्हाला ती बाई मुक्यानेच नाचताना दिसते.

‘पण कुणी हाक मारली तर?’ माइक बंद करताना मी बाबांना विचारलं. मला वाटलं, आता हे घाबरणार आणि नको म्हणणार.

‘कळेल,’ ते म्हणाले.

एकदा इंटरनेट नीट चालेना, म्हणून मी आदल्या दिवशीचाच कार्यक्रम साठवलेला होता तो लावून दिला. तीच बाई, तोच पडदा. बाबा लगेच उठले.

‘हे झालेलं आहे,’ ते म्हणाले. ‘झालेलं मला काय करायचंय?’

३

दुपारी दुकान बंद असतं, तेव्हा मी जेवायला घरी येते. कार्यक्रम चालू असतो म्हणून बेल वाजवत नाही. त्या दिवशी जिना चढून दारासमोर उभी राहिले आणि किल्लीसाठी पर्समध्ये हात घालणार, तेवढ्यात दार उघडलं. समोर बाबा.

‘वरच्या कप्प्यात आहे किल्ली,’ ते म्हणाले. ‘किती तो खडखडाट.’ आणि परत जाऊन खुर्चीत बसले.

किल्ली वरच्या कप्प्यात होती. खडखडाट मात्र मी अजून केलाच नव्हता.

मी उभ्या उभ्या कारणं शोधली. जिन्यावरच्या पावलांनी फरशी थरथरली असेल. दाराच्या फटीत सावली दिसली असेल. मी रोज किल्ली शोधतेच, तर ते सवयीने बोलले असतील. यातलं कुठलंही कारण पुरेसं होतं. तरी संध्याकाळी मी त्यांच्या दोन्ही मशीनचा माइक तपासला. कार्यक्रमाच्या वेळात ठार बंद होता, मी ठेवला होता तसाच. मग मी स्वतःलाच म्हटलं, बाई गं, एका म्हाताऱ्या माणसाने लेकीसाठी दार उघडलं, यात तपासण्यासारखं काय आहे?

४

पण शंका आली की मला चैन पडत नाही. ऐकू येत असून न आल्यासारखं करणारी गिऱ्हाइकं आमच्याकडे असतात, त्यांच्यासाठी आमच्या काही युक्त्याही असतात. सुट्टीच्या दिवशी मी दाराशी उभी राहून बाबांकडे बघत होते. ठेका चालू होता. पडद्यावरची बाई गर्रकन वळली, आणि त्याच क्षणी बाबांचे खांदे दचकल्यासारखे उडाले. ठसका लागला असेल म्हणून मी थांबले. ठसका नव्हता. पुन्हा ठेका सुरू झाला.

मग मी स्वयंपाकघरात गेले, मांडणीतून स्टीलचं मोठं ताट काढलं, बाबांच्या पाठीमागे येऊन उभी राहिले आणि ताट फरशीवर सोडून दिलं.

आत मावशी ‘अगं बाई!’ करत उठल्या. खालच्या मजल्यावरच्यांनी काठीने छत ठोकलं. बाबांचं बोटसुद्धा चुकलं नाही. मला फार बरं वाटलं. माइक बंद होता, प्रश्न मिटला. मी ताट उचलून त्यांच्या समोरून जायला लागले तेव्हा त्यांनी ताटाकडे बघितलं.

‘मगाशी पाडलंस ते हेच ना?’

‘मगाशी कुठे, बाबा? आत्ता पडलं.’

‘आत्ता नाही गं. मगाशी. ती बाई वळली तेव्हा.’

ती वळली तेव्हा ताट मांडणीत होतं. ‘हो, तेव्हाच,’ मी म्हटलं, आणि ताट ठेवायला गेले.

५

धाकट्याला फोन केला. ताटाचं सांगितलं नाही, नुसतं विचारलं की थेट म्हणजे किती थेट.

‘थेट म्हणजे मागेच असतं, ताई. तिथे वाजतं, निघतं, वाटेत रेंगाळतं, मग तुझ्याकडे पोचतं. तुला ती बाई दिसते तेव्हा खरी बाई पुढच्या पावलावर गेलेली असते.’

‘आणि पुढे असेल तर?’

‘पुढे कसं असेल? जे अजून झालंच नाही ते पाठवणार कोण?’ मग तो हसला. ‘ताई, बाबा कुठे आत्ता बरे झालेत. आता तू सुरू होऊ नकोस. झोप काढ जरा.’

त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही. मी त्याच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं, वर दोन शब्द जास्त ऐकवले असते.

मावशींच्या तर हे कधीच लक्षात आलं होतं, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

‘आजोबांना तुमची चाहूल फार लवकर लागते हो,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्ही कोपऱ्यावरसुद्धा आलेल्या नसता आणि हे दार उघडून ठेवतात. परवा मी दूध ठेवलं होतं. हे मधेच उठून आले आणि गॅस बंद केला. मी म्हटलं, अजून तापलंसुद्धा नाही. तर म्हणतात, उतू गेलेलं ऐकलं मी.’

‘मग गेलं का उतू?’

‘गॅसच बंद केल्यावर कसं जाईल? काहीतरीच तुमचं.’

मी ते मनात ठेवलं. दूध उतू गेलं नाही. त्या दिवशी किल्ल्यांचा खडखडाटही झाला नाही, कारण बाबांनी आधीच दार उघडलं. म्हणजे ऐकलेली गोष्ट टाळता येते. त्या वेळी त्याचा काय उपयोग होईल ते मला माहीत नव्हतं, पण बुडत्याला दोरी दिसावी तसं वाटलं एवढं खरं.

६

आणि बाबा बरे होत होते हेही खरं. पोटभर जेवायचे. फेऱ्या थांबल्या. गॅसच्या बटणाकडे बघायचे नाहीत. मावशींची चेष्टा करायचे, मला ‘कंडक्टर, पुढचा स्टॉप कुठला?’ विचारायचे. मला माझे बाबा परत मिळाले होते, आणि ते ज्या वाटेने आले ती वाट मला आवडत नव्हती म्हणून त्यांना परत धाडायची माझी तयारी नव्हती.

एका रविवारी शेजारी बसून मी सरळ विचारलं.

‘बाबा, कार्यक्रमात तुम्हाला घर ऐकू येतं?’

‘येतं की.’

‘पुढचं?’

त्यांनी जरा विचार केला. ‘आधी जिना ऐकू यायचा. आता कोपरा ऐकू येतो. वाढतंय हळूहळू.’

‘भीती नाही वाटत?’

‘भीती न कळण्याची असते गं. तुझी आई तिथे हाका मारत होती आणि मी घोरत होतो. तेव्हापासून मला वाटायचं, आपण धावत निघालोय आणि गाडी गेली. रोज. दिवसभर.’ त्यांनी टीव्हीकडे बोट केलं. ‘इथे बसलं की मी आधीच स्टँडवर असतो. आता माझी कुठलीच गाडी चुकत नाही. मग धडधडायचं कशाला?’

मी त्यांच्या शर्टाची सुटलेली गुंडी लावून दिली.

७

तरी मी एकदा प्रयत्न केला. टीव्हीची इंटरनेटची वायर काढली आणि इंटरनेट बंद आहे म्हणून सांगितलं.

बाबा थोडा वेळ खुर्चीत बसले. मग उठले. गॅसचं बटण, कडी, गॅसचं बटण. माइक उघडा होता, मी बोलत होते, ते माझ्याकडे बघत होते, आणि तरी म्हणत होते, ‘काही ऐकू येत नाहीये. काहीच ऐकू येत नाहीये.’ ओठ पांढरे. दाराची चौकट त्यांनी अशी धरली की नखं मोडली. मी पाणी आणायला वळले तेवढ्यात ते जिन्यात गेले आणि चार पायऱ्या घसरले. मावशींनी आणि मी त्यांना उचलून आणलं.

‘असलं कसलं तुमचं इंटरनेट,’ मावशी माझ्यावर डाफरल्या. ‘म्हाताऱ्या माणसाचा जीव जाईल अशाने.’

मी वायर लावली. बाई आली, मान कलती करून उभी राहिली. बाबांनी डोळे मिटले आणि श्वास सोडला. त्यांच्या कोपराला खरचटलं होतं, त्यावर मी औषध लावलं, आणि पुन्हा वायरला हात लावायचा नाही असं ठरवलं.

८

मशीन नीट चालतं का हे बघायला आमच्याकडे एक नळी असते, डॉक्टरांच्या नळीसारखीच. एका टोकाला मशीन अडकवायचं, दुसरी टोकं आपल्या कानात. मी ती दुकानातून घरी आणली. हे सगळ्यात आधी करायला हवं होतं, पण केलं नाही, कारण मला ऐकायचं नव्हतं.

बाबांना म्हटलं, एका कानाचं मशीन तपासायला द्या. त्यांनी डावं काढून दिलं, उजव्यावर ऐकत राहिले.

व्हायोलिन चांगलं होतं. मला गाण्यातलं कळत नाही, पण आपला श्वास त्या आवाजाच्या पाठोपाठ चालायला लागतो एवढं कळलं. फळ्यांवर अनवाणी पावलं. बाई थांबली की तिच्या थांबण्यात मागचं काहीतरी ऐकू यायचं, जणू ती त्याला वाट करून द्यायला थांबत होती. आधी पंखा. आमचा पंखा प्रत्येक फेरीला एकदा कट् करतो. नळीत तो कट् कट् करत होता. मी वर बघितलं. पंखा बंद होता. मग मावशींचा आवाज, ‘ताई, साखर संपली बघा.’ मी नळी काढून आत डोकावले. मावशी तोंडावर पदर घेऊन झोपल्या होत्या.

कार्यक्रम संपल्यावर पुष्कळ वेळाने त्या उठल्या, ‘काय कोंडलंय आज’ म्हणत पंखा लावला आणि डबा उघडून म्हणाल्या, ‘ताई, साखर संपली बघा.’ मी हो म्हटलं.

मला वाटलं होतं अंगावर काटा येईल. तसं काही झालं नाही. नवीन मशीन हातात आल्यावर ते कसं चालतं हे बघावं, तसं मी रोज बघत राहिले. रोज जरा पुढचं. मग एके दिवशी बाई थांबली आणि नळीत काहीतरी पडलं. स्टीलचा पेला. पडला, गडगडत गेला, भिंतीला लागून थांबला. त्यानंतर एक बाई म्हणाली, ‘बाबा.’

साधंच म्हणाली. मग जरा थांबून, ‘बाबा?’

तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हाचा आवाज मी ओळखला नाही. पहिल्यांदाच स्वतःचा आवाज बाहेरून ऐकणारी माणसं म्हणतात, हा माझा नव्हेच. मी त्यांना रोज समजावते, अहो, तुमचाच आहे, तुम्ही तो आतून ऐकता म्हणून वेगळा वाटतो. माझं सगळं पाठ आहे. मला समजवायला तिथे कुणी नव्हतं.

मी मान वर केली तर बाबा माझ्याकडेच बघत होते. त्यांच्या उजव्या कानात मशीन होतंच.

‘आज तू ऐकलंस,’ ते म्हणाले. ‘मी चार दिवस ऐकतोय.’

‘काय ऐकताय?’

‘काही नाही. चहा ठेव.’ आणि माझ्या हातावर थोपटलं. त्यांचा हात कोरडा आणि उबदार होता, जराही थरथरत नव्हता.

९

तेव्हापासून मी बाबांना बाबा म्हणत नाही.

खांद्याला हात लावते, समोर जाऊन उभी राहते, फारच झालं तर ‘टाइमकीपर साहेब’ म्हणते. ते हसतात. धाकटा फोनवर म्हणाला, ‘हे काय नवीन खूळ?’ दुकानात रजा टाकली. मालकांनी तोंड वाकडं केलं, पण दिली. स्टीलचे पेले सगळे माळ्यावर टाकले. तर बाबांनी मावशींकडून आपला डेपोतला जुना पेला उतरवून घेतला.

‘चहा याच्यातच लागतो मला,’ ते म्हणाले.

‘काचेच्या ग्लासात काय वाईट लागतो?’

‘कंडक्टर, घंटी तुझ्याकडे असते, कबूल. पण गाडीची वेळ लिहिलेली असते.’

‘तुम्ही दूध उतू जाऊ दिलं नव्हतं,’ मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. ‘मग हेही होऊ द्यायचं नाही.’

त्यांनी रिकामा पेला माझ्यापुढे धरला. मला त्यांचा राग आला. इतका राग, की त्या दुपारी मी त्यांच्याकडे पाठ करून बसले आणि नळीतून ऐकलंही नाही.

आजचं सांगते. आज मी शेजारी बसले होते, डावं मशीन नळीला लावून, नळी गळ्यात टाकून. बाबांच्या हातात पेला. बोटं पेल्यावरच ठेका धरत होती. पडद्यावर बाई थांबली, मान कलती करून उभी राहिली. बोटंही थांबली.

पेला कलायला लागला आणि मी झेप घेऊन तो धरला. चहा माझ्या मनगटावर सांडला, गरम होता. पेला पडला नाही. मी तो अलगद खाली ठेवला, आवाज न करता. बाबांची मान खुर्चीच्या पाठीवर टेकलेली, तोंड जरासं उघडं. असे ते याआधीही झोपलेले आहेत. परवाच झोपले होते.

मावशी दाराशी आल्या. ‘झोपले का?’

मी ओठांवर बोट ठेवलं.

‘मग मी निघते. उद्या येताना साखर आणते.’ त्यांनी चपला हातात घेऊन दार ओढलं.

शहाण्या माणसाने आता काय करायचं असतं ते मला ठाऊक आहे. नाकाजवळ हात धरायचा, नाडी बघायची, फोन करायचा. मी केलेलं नाही. कारण साधं आहे, आणि मी ते पुन्हा पुन्हा तपासलंय. कार्यक्रम चालू आहे, म्हणजे त्यांचा माइक बंद आहे. आत्ता हाक मारली तर ती त्यांना ऐकू जाणार नाही. आईची गेली नव्हती तशीच. कार्यक्रम संपेल, माइक उघडेल, मग मी एकदाच, साध्या आवाजात हाक मारेन, आणि ते ओ देतील. तोवर थांबायचं. वेळेआधी गाडी सोडायची नाही.

भिंतीवरचं ऊन सरकून पंख्याच्या बटणापर्यंत गेलं. रस्त्यावर शाळेची पोरं ओरडत गेली. बाई तशीच उभी आहे. व्हायोलिनवाल्याचा हात पुढेमागे होतो आहे, म्हणजे चित्र अडकलेलं नाही. हा कार्यक्रम एव्हाना संपतो.

फोन थरथरला. धाकट्याचा मेसेज. ‘आज बाबांचं मन भरलं नसेल ना? हॉलवाल्यांनी फारच लवकर आटोपलं. इकडे कधीचं बंद झालंय.’

मी मेसेज वाचला, पडद्याकडे बघितलं. बाईने मान जरा आणखी कलती केली.

मग मी नळीची टोकं कानात घातली. व्हायोलिन नव्हतं. पंखा नव्हता, रस्ता नव्हता, माझ्या श्वासाचा आवाजसुद्धा नव्हता. दुपारी जेवणं झाल्यावर स्वयंपाकघर जसं शांत असतं तसं काहीतरी होतं. आणि त्यात बाबांचा आवाज आला, अगदी जवळून, जरासुद्धा घाई नसलेला, कुणीतरी बोलावल्यावर खुर्चीतून उठताना येतो तसा.

‘ओ. आलो, आलो.’

मी अजून हाक मारलेली नाही.